तक्रार कोणाविरुद्ध

आमच्या गावात ग्रामपंचायत होती तोवर तक्रार करायला कागद लागत नसे. सरपंच पानठेल्यावर दिसला की त्याला गाठायचं आणि नाली तुंबली म्हणून चार शब्द सुनवायचे. तो 'पाहतो ना गुरुजी' म्हणायचा आणि पाहायचा नाही. मग गावाची नगरपंचायत झाली. वार्डांचे प्रभाग झाले, सरपंच माजी झाला, मुख्याधिकारी आले आणि तक्रारीसाठी छापील अर्ज आला. मला त्या अर्जाचा मनापासून आनंद झाला होता. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केलेला माणूस मी. छापील रकाने दिसले की माझे हात शिवशिवतात.

गल्लीतले सगळे अर्ज मीच लिहायचो. रेशनकार्डात नाव चढवणं, खांबावरचा बंद दिवा, नळाला येणारं लाल पाणी, मोकाट डुकरं. लोक कोरा कागद घेऊन यायचे आणि मी त्यांना तासभर बसवून ठेवायचो, कारण चांगलं लिहायला वेळ लागतो असं त्यांना वाटलं पाहिजे. 'गुरुजींच्या अर्जाले ऑफिसात मान आहे' असं कुणी म्हणालं की मी ऐकू न आल्यासारखं करायचो आणि त्याला पुन्हा म्हणायला लावायचो. असा मी आहे. पुढे जे सांगणार आहे त्यात माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आमचं गाव गोंदियाहून बसने तासाभरावर. गल्लीत अकरा घरं. एका टोकाला राइस मिलची मागची भिंत आहे. तिथून नाली निघते, घराघरांच्या दारापुढून उताराने खाली येते आणि गल्ली संपते तिथे नाल्याला मिळते. शेवटून दुसरं घर माझं. शेवटचं घर बिडी वळणाऱ्या मावशीचं. म्हणजे नालीचं पाणी आधी माझ्या दारापुढून जातं आणि मग तिच्या. हा क्रम वाचणाऱ्याने लक्षात ठेवावा. मी ठेवला नव्हता.

मावशी माझ्याच वयाची, दोन वर्षं इकडे-तिकडे. नवरा जाऊन बराच काळ झाला, मुलगी देवरीकडे दिलेली. अख्खी गल्ली तिला मावशी म्हणते आणि अरे-तुरे करते, मीही. तिचं घर म्हणजे कवेलूंच्या छपराची एक खोली. मागे आणि बाजूला दुसऱ्यांच्या भिंती चढल्या, त्यामुळे खिडकी कुठेच नाही. भर दुपारीसुद्धा आत गेलं की भांडं हाताने चाचपून घ्यावं लागतं. म्हणून तिच्या नवऱ्याने कधीकाळी दारापुढे नालीवर दगडी फरश्या टाकून ओटा बांधला होता. सरपंचाला तोंडी विचारून बांधला होता, कागद नव्हता. मावशी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत त्या ओट्यावर बसून बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूपानं, कात्री आणि पान कापायचा लोखंडी फर्मा. बिडी वळायला उजेड लागतो. जरा वाकडी वळली गेली की ठेकेदाराचा माणूस ती छाट म्हणून बाजूला टाकतो आणि पानं वाया घालवली म्हणून ऐकवतो ते वेगळं. त्या दोन हात रुंद ओट्यावर तिचं सगळं पोट होतं.

पान फर्म्यावर ठेवून कापलं की कडेची कात्रणं उरतात. मावशी ती फेकत नसे. उन्हात वाळवून पोत्यात भरायची, कारण वाळलेली कात्रणं पेटायला चांगली. तिच्या चुलीला पुरून उरायची ती आमच्याकडे द्यायची. आमच्याकडे गॅस आहे, पण हिवाळ्यात अंघोळीचं पाणी अजून मागच्या अंगणात चुलीवरच तापतं. गीझर मी घेत नाही. सौ. म्हणते चिक्कूपणा, मी म्हणतो सवय. तर मावशी पोतं भरलं की डोक्यावर आणून आमच्या मोरीजवळ ठेवून जायची. त्याबद्दल तिने कधी काही मागितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

आता माझा रॅम्प. जावई दिवाळीला कार घेऊन येतो. कार गल्लीत उभी राहिली की त्याला बरं वाटत नाही, म्हणून तीन वर्षांपूर्वी मी फाटकापुढे नालीवर सिमेंटचा उतार बांधून घेतला. खाली पाणी जायला पाइप टाकला. गवंडी म्हणाला, "गुरुजी, मोठा टाका, हा लहान पडन." मी त्याला म्हणालो, तू तुझं काम कर. रॅम्प मोठा झोकात झाला. वर्षातून दोनदा त्यावरून कार जाते आणि रोज सकाळी माझी स्कूटी.

त्याच्या पुढच्या वर्षी पावसाळा संपला तरी माझ्या फाटकाच्या बाजूला नालीत पाणी तुंबून राहिलं. हिरवं, जाड पाणी. त्याला असा वास की व्हरांड्यात बसून चहा घेता येईना. डास एवढे की सौ. दिवसाही मच्छरदाणीत भाजी निवडायची. मी अर्ज दिला. विषय, संदर्भ, महोदय, सगळं व्यवस्थित. पोच घेतली. कुणी आलं नाही. दुसरा दिला, तिसरा दिला. चौथ्यात मी 'नागरिकांच्या मूलभूत हक्कांची पायमल्ली' असे शब्द घातले आणि घरी येऊन सौ.ला वाचून दाखवले. ती म्हणाली, "डासाले वाचून दाखवा."

पाचव्या वेळी मी ऑफिसात जाऊन बसलो. तिथला स्वच्छता निरीक्षक माझा जुना विद्यार्थी. मला पाहून उठला, पायाला हात लावला, चहा मागवला. तो पाचवीत असताना पाढे येत नाहीत म्हणून मी त्याला पुरा एक तास कोंबडा करून उभा ठेवला होता. तो ते विसरला नव्हता, कारण चहा देताना हसत म्हणाला, "सर, तुमच्या भीतीने पाढे पाठ झाले." मला छान वाटलं.

त्याने माझे चारही अर्ज फाइलमधून काढले आणि एकाच जागी बोट ठेवलं. अर्जात एक रकाना होता: तक्रार कोणाविरुद्ध. चारही अर्जांत तो कोरा होता.

"सर, हा भरला नाही तुम्ही."

"नाली तुंबली आहे. कोणाविरुद्ध लिहू? नालीविरुद्ध?"

"तसं नाही सर. रकाना कोरा असला का अर्ज नियमित सफाईत जाते. मंग नंबर लागल तवा लागल. नाव असलं का अतिक्रमणात जाते. त्याले मुदत असते, साहेब रोज विचारतात. कोनाचं ना कोनाचं नाव पाहिजे सर. सिस्टमच तशी आहे."

मी म्हणालो, पाहतो. त्याने नवा कोरा अर्ज दिला.

घरी येऊन मी पहिल्यांदा त्या पाण्याकडे नीट पाहिलं. पाण्यावर तेंदूपानाची कात्रणं तरंगत होती. पुष्कळ होती, काळी पडलेली, पण कडा फर्म्याने कापलेल्या, ओळखायला सोप्या. गल्लीत आता बिडी वळणारं घर एकच. मला एकदम सगळं उलगडलं. मावशीच्या ओट्याखाली कात्रणं अडकली असणार आणि म्हणून पाणी इथपर्यंत तुंबलं असणार. मी मोबाइल काढून फोटो घेतला. पुढे कात्रणं आणि मागे तिचा ओटा दिसेल असा कोन साधायला मला तीन वेळा बसावं-उठावं लागलं. मावशी ओट्यावरून पाहत होती. म्हणाली, "का पाहून राहिले जी गुरुजी? काही पडलं का?" मी म्हणालो, काही नाही.

तिचा ओटा माझ्या घराच्या खालच्या अंगाला होता. तिच्याकडची कात्रणं माझ्या दारापुढे यायची तर पाण्याला चढावर वाहावं लागलं असतं. शिवाय माझा रॅम्प आणि तिचा ओटा यांच्या मधली नाली जवळजवळ कोरडी होती. चौथीतल्या मुलाला विचारलं असतं तर त्यानेही सांगितलं असतं. पण मला उत्तर हवं नव्हतं, मला रकाना भरायचा होता.

त्या रकान्यात मी तिचं पूर्ण नाव लिहिलं. ते नाव मला पाठ होतं, कारण साक्षरता वर्ग चालायचे तेव्हा तिला सही करायला मीच शिकवलं होतं. हाताला धरून, पाटीवर. अर्जावर मी सुंदर अक्षर काढलं.

आठवड्याभरात नोटीस आली आणि मावशी ती वाचून घ्यायला माझ्याकडेच घेऊन आली. दुसऱ्या कुणाकडे जाणार? मी चष्मा लावला आणि वाचली. सार्वजनिक नालीवरील अनधिकृत बांधकाम, प्राप्त तक्रारीवरून, सात दिवसांत स्वतः काढून घ्यावे, अन्यथा. ती उभी राहून ऐकत होती. मी खुर्ची दाखवली नाही. बिडीवालीला खुर्ची द्यायची आमच्याकडे पद्धत नाही.

"तक्रार कोनं केली म्हणते?"

"यात नाव नसतं," मी म्हणालो. ते खरं होतं.

"कायले केली असन? मी कोनाचं का केलं?"

"असेल कोणी. अशा नोटिसा येतच राहतात. काही होत नाही." हे मात्र खोटं होतं असंही नाही. मला खरंच वाटत होतं की निरीक्षक येईल, ओट्याखाली बांबू घालून कचरा काढेल आणि मावशीला दोन शब्द बोलून जाईल. तेवढं मला चाललं असतं. तेवढं मला हवंही होतं.

ती निर्धास्त झाली. सात दिवस ओट्यावर बसून बिड्या वळत राहिली.

आठव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास जेसीबी आला. मागून मलबा न्यायला ट्रॅक्टर-ट्रॉली आणि दोन मजूर आले, आणि निरीक्षक मोटरसायकलवर आला. गल्ली बाहेर आली. आमच्याकडे कुणाचं घर पडत असलं तरी लोक चहाचा कप हातात घेऊनच पाहायला येतात. मावशी सूप मांडीवर घेऊन बसली होती. निरीक्षकाने तिला उठायला सांगितलं तेव्हा तिला आधी कळलंच नाही. मग ती उठली आणि त्याला म्हणाली, "साहेब, पानं भिजवून ठेवली आहेत. आजच्या दिवस बसू द्या ना जी. भिजलेली पानं उद्याले सडतात. उद्या तोडा."

निरीक्षकाने माझ्याकडे पाहिलं. मी फाटकात उभा होतो. मी 'उद्या' म्हणालो असतो तर त्याने नक्की ऐकलं असतं. तेवढा धाक अजून होता. मी खिशातून मोबाइल काढून त्यात काहीतरी पाहू लागलो.

ड्रायव्हरला पाच मिनिटंही लागली नाहीत. फरश्या उचलल्या गेल्या, दोन फुटल्या, एक अख्खी निघाली. मावशी ओल्या पानांचं गाठोडं छातीशी धरून रस्त्यात उभी होती. ती रडली नाही. अख्खी निघालेली फरशी तिने ड्रायव्हरला बाजूला ठेवायला सांगितली, त्याने ती ट्रॉलीत टाकली.

ओट्याखालची नाली स्वच्छ होती. तळाचं सिमेंट दिसत होतं. एका कडेला मुंग्यांची रांग चालली होती. कात्रणाचा एक तुकडाही नव्हता.

निरीक्षक वाकून पाहत राहिला, मग सरळ झाला आणि नालीच्या कडेकडेने वर चालत आला. माझ्या रॅम्पपाशी थांबला. त्याने मजुराकडून लोखंडी सळई घेतली, टोक वाकवून हूक केला आणि माझ्या पाइपात घातला. दोनदा ओढल्यावर एक काळा गोळा बाहेर आला, मग दुसरा, मग तिसरा. सगळी कात्रणं, एकात एक गुंतून घट्ट झालेली. चौथ्या ओढीला पाइपातून आवाज झाला आणि महिनाभर तुंबलेलं पाणी गडगडत खाली गेलं. मावशीच्या दारापुढच्या उघड्या नालीतून ते वाहू लागलं तेव्हा लोकांनी नाकाला रुमाल लावले.

"सर," निरीक्षक हळू आवाजात म्हणाला, "अडकलं तं इथंच होतं."

"कात्रणं तिचीच आहेत ना?" मी म्हणालो.

त्याने माझ्या रॅम्पकडे एकदा पाहिलं. नालीवरचं बांधकाम म्हणून त्याच्यात आणि ओट्यात काही फरक नव्हता, असलाच तर रॅम्प जास्त मोठा होता. मग त्याने पाण्याचा फोटो काढला आणि कागदावर तक्रारीचे निराकरण झाले असं लिहून माझी सही घेतली. जाताना पुन्हा पायाला हात लावायला वाकला. मी पाय मागे घेतले नाहीत.

मावशी जवळ येऊन तो काळा गोळा पाहत होती. तिने एक कात्रण बोटांनी सोडवून सरळ केलं. "ही तं माहीच पानं होत," ती स्वतःशीच म्हणाली. "इथं कशी आली बापा?"

घरात आल्यावर सौ.ने मला मागे बोलावलं. मोरीजवळ कात्रणांचं पोतं होतं. तिने ते उचललं. खालून उंदरांनी कुरतडून हाताएवढं भोक पाडलं होतं. भोकापासून मोरीच्या छिद्रापर्यंत कात्रणांची ओळ लागली होती आणि मोरीचं पाणी घराच्या बाजूच्या पन्हळीतून पुढे येऊन रॅम्पच्या वरच्या बाजूला नालीत पडतं. पावसाळाभर आमचीच अंघोळीची बादली तिची कात्रणं आमच्याच पाइपात नेऊन घालत होती.

"तुमाले दसऱ्याच्या आधीच सांगतलं होतं," सौ. म्हणाली, "पोतं फाटलं आहे, उचलून वर ठेवा. तुमी अर्ज लिहून राहिले होते."

मला तिचा राग आला. त्याहून जास्त मावशीचा आला. कुणी सांगितलं होतं तिला पोतं आणून द्यायला? माणसाला आपली चूक दुसऱ्याच्या दारात सापडली की किती बरं वाटतं, आणि तीच फिरून स्वतःच्या मोरीत निघाली की किती चीड येते, हे मला त्या दिवशी कळलं. मी पोतं पेटवून दिलं. सौ.ने त्यावरच पाण्याचं गुंड ठेवलं, वाया कशाला जाऊ द्यायचं म्हणून.

मावशी आत बसून बिड्या वळू लागली. दारापुढे आता उघडी नाली. ती ओलांडायला तिने लाकडी फळी टाकली होती. आतल्या अंधारात तिला दोरा दिसत नसे. पंधरा दिवसांत छाट एवढी निघाली की ठेकेदाराच्या माणसाने सांगून टाकलं, अशीच राहिली तर पानं देणं बंद. हे तिनेच मला सांगितलं, कारण ती पुन्हा माझ्याकडे आली होती. हातात कोरा कागद.

"गुरुजी, एक अर्जी लिहून द्या ना जी. ओटा नाई तं नाई. बसापुरती एक फरशी टाकू द्या म्हणा. तुमच्या अर्जाले मान आहे."

मी तिला बसवून ठेवलं नाही, लगेच लिहायला घेतलं. एवढा शहाणपणा तरी होता. विषय लिहिला, महोदय लिहिलं आणि मग हात थांबला. खरं काय ते एका ओळीत लिहिता आलं असतं: अडथळा अर्जदाराच्या ओट्याखाली नव्हता. बस, एवढंच. पण ते लिहिलं की पुढचा प्रश्न येतो, मग कुठे होता? त्याचं उत्तर माझ्या फाटकापुढे सिमेंटमध्ये बांधलेलं होतं आणि दिवाळी तोंडावर होती.

मी लिहिलं: माझ्याकडून अनवधानाने बिडीच्या पानांची कात्रणे सार्वजनिक नालीत टाकली गेली, त्यामुळे नागरिकांना त्रास झाला, याबद्दल मी दिलगीर आहे. यापुढे असे होणार नाही. तरी गरीब विधवेवर दया करून.

वाचून दाखवलं. ती ऐकत होती. 'टाकली गेली'वर तिने मान वर केली.

"मी तं नाई टाकली जी. मी पोत्यात भरतो."

"मावशी, ऑफिसात असंच लिहावं लागतं. आधी चूक कबूल केली की साहेबाला दया येते. मी सांगतो ना."

ती कागदाकडे पाहत राहिली. वाचता तर येत नव्हतं. मग म्हणाली, "हवेनं उडाली असतीन. पानं तं माहीच होती, मी पाहिली ना डोळ्यानं." आणि पेन हातात घेत, "तुमाले समजते."

तिने सही केली. मी शिकवलेली सही, अक्षरं एकमेकांना न टेकवता, एकेक अक्षर दाबून. सही झाल्यावर तिने पेन पदराला पुसून मला परत दिलं.

उत्तर लवकर आलं. ऑफिस एवढ्या लवकर उत्तर देतं हे मला माहीत नव्हतं. तेही वाचायला तिने माझ्याकडेच आणलं. आपण आपल्या अर्जात स्वतः कबूल केल्याप्रमाणे आपल्याकडून सार्वजनिक नालीत कचरा टाकला गेला आहे. सबब त्या ठिकाणी कोणतेही बांधकाम करण्यास परवानगी देता येत नाही. मी ते शब्दाला शब्द वाचलं. मनात पहिल्यांदा काय आलं असेल तर हे, की मसुदा चांगला आहे, माझाच शब्द उचलला आहे. लाज त्याच्या नंतर आली. ती आली, पण उशिरा आली आणि फार वेळ थांबली नाही.

"मंग आता का करू जी?" ती म्हणाली.

मी कागदाची घडी घालून तो तिला परत दिला. सौ. मागून आली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मावशीला म्हणाली, "आमच्या रॅम्पवर बसत जाय. रिकामाच तं आहे सालभर."

दुसऱ्या दिवसापासून मावशी माझ्या रॅम्पवर बसते. याला आता दोन वर्षं होत आली. उजेड चांगला आहे, सकाळचं ऊन येतं, दुपारी आमच्या भिंतीची सावली पडते. छाट कमी झाली. दिवाळीत जावई येतो तेव्हा चार दिवस कार तिथे उभी असते, ते चार दिवस ती येत नाही. ते तिला सांगावं लागलं नाही. गल्लीतले लोक म्हणतात, गुरुजींचं मन मोठं आहे. म्हणणाऱ्याला मी आता पुन्हा म्हणायला लावत नाही, पण थांबवतही नाही.

निरीक्षकाला खरं काय ते माहीत आहे, सौ.ला माहीत आहे, मला माहीत आहे. मावशीला सांगावं असं मला पुष्कळदा वाटतं. वाक्यसुद्धा तयार आहे, दोन-तीन तऱ्हांनी. फाटक उघडताना ते ओठांवर येतं आणि ती मान वर करून 'बसू ना जी?' असं रोज नव्याने विचारते. मी 'बस' म्हणतो. तेवढाच एक शब्द निघतो.

सकाळी आठ वाजता मी दूध आणायला स्कूटी काढतो. रॅम्पवर ती असते. मी हॉर्न वाजवतो. हाक मारता येते, पण मी हॉर्नच वाजवतो. ती सूप उचलते, पानांचं गाठोडं उचलते, गुडघ्यावर हात टेकून उठते आणि बाजूला होते. पण लगेच नाही. आधी ती रॅम्पवरचं एकेक कात्रण वेचून पदरात घेते, स्कूटीच्या हवेने उडू नये म्हणून. मी गाडी चालू ठेवून थांबतो. पदराची गाठ मारून झाली की ती वाकून नालीत पाहते आणि मग मला म्हणते,

"एक बी नाई गेलं जी. तुमी पाहून घ्या गुरुजी."

मी पाहून घेतो.